बालकांचे लसीकरण आणि पालकांचे प्रश्न : सिंधुदुर्ग जिल्हा परिषदेस खुले पत्र

मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, सिंधुदुर्ग,
यांच्या सेवेशी –



या जिल्ह्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि त्यांची उपकेंद्रे ज्या कारभारात मोडतात त्याची सूत्रे आपल्या हाती आहेत, आणि वैभववाडीच्या घाटापासून देवबागच्या वाळूपर्यंत जन्मास येणाऱ्या मुलांपैकी बहुसंख्य मुलांना त्यांच्या लसी याच केंद्रांतून मिळतात, म्हणून हे पत्र आपणांस उद्देशून लिहीत आहे. ते बंद लखोट्यातून न धाडता उघडपणे लिहिण्याचे कारण असे की, ज्यांच्यासंबंधी ते आहे त्या आईबापांनी, आजीआजोबांनी, आशाताईंनी आणि आरोग्यसेविकांनीही ते वाचावे, अशी माझी इच्छा आहे.

आरंभीच एक गोष्ट निःसंदिग्धपणे नमूद करतो. मानवी बुद्धी आणि लोककल्याणाचा कारभार यांनी मिळून जी थोडी निर्विवाद सत्कार्ये केली, त्यांत बालकांच्या लसीकरणाची गणना पहिल्या पंक्तीत करावी लागेल, असे माझे मत आहे. आणि या पत्रातील एखाद्या वाक्याचा आधार घेऊन कोणी आपल्या मुलाची लस चुकवली, तर त्याने माझ्या म्हणण्याचा विपर्यास केला असे होईल. माझी कैफियत लसीविषयी नाही. लस देताना पालकाला जे उत्तर मिळावयास हवे आणि जे त्याला पुष्कळदा मिळत नाही, त्या उत्तराविषयी आहे.

मालवण तालुक्यात प्राथमिक शिक्षक म्हणून नोकरी करीत असताना, आणि सेवानिवृत्तीनंतरही, वाडीवस्तीवरच्या आईबापांशी मुलांच्या प्रकृतीसंबंधी बोलण्याचे प्रसंग मला वारंवार आले. त्यावरून माझी अशी खात्री झाली आहे की, ज्या मुलाची लस राहिली त्याच्या घरात तीनपैकी एक गोष्ट असते : अडचण, शंका किंवा नकार. या तिन्ही गोष्टी मुळात भिन्न आहेत. अडचणीत असलेल्या घराला सोयीचा दिवस आणि वेळ हवी असते. शंकेत सापडलेल्या घराला उत्तर हवे असते. आणि नकारापर्यंत गेलेल्या घराला, मान राखून केलेली दुसरी आणि तिसरी भेट हवी असते. परंतु गावपातळीवरील बोलण्यात या तिघांचीही बोळवण ‘ते लस घेत नाहीत’ या एकाच वाक्याने होते, आणि निदानच चुकल्यामुळे उपायही चुकतो. जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेतील लोकसंख्या ८,४९,६५१ आणि साक्षरता शेकडा ८५ हून अधिक. अशा जिल्ह्यात पालकाने प्रश्न विचारावा हे शिक्षणाचे फलित मानावयास हवे; त्याला अडाणीपणाचे लक्षण मानणे हा आपल्याच शाळांचा अधिक्षेप आहे.

प्रथम शंकांकडे वळतो, कारण त्यांच्याकडेच सर्वांत अधिक दुर्लक्ष होते.

सर्वांत वारंवार ऐकू येणारा प्रश्न तापाचा. ‘पयल्या इंजेक्शनान पोराक दोन दिवस ताप इलो, आता परत कित्याक?’ असे एखादी आई विचारते, तेव्हा तिने सारी रात्र कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवीत काढलेली असते, आणि ‘ताप येतोच, काही होत नाही’ एवढ्या तुटक उत्तराने तिचे समाधान होत नाही. तिला कारण सांगितले पाहिजे. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांनी दिल्या जाणाऱ्या पेंटाव्हॅलंट लसीत घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झा ब या पाच रोगांविरुद्धचे घटक असतात. त्यांपैकी डांग्या खोकल्याचा घटक मृत पण संपूर्ण जंतूंपासून केलेला असल्यामुळे, ही लस घेतलेल्या सुमारे निम्म्या मुलांना ताप येतो, मांडी दुखते, मूल किरकिरते, आणि एकदोन दिवसांत ते पूर्ववत होते. खाजगी दवाखान्यांत ‘पेनलेस’ या नावाने जी महाग लस मिळते, तिच्यात या जंतूचे निवडक अंश तेवढे असतात, म्हणून ताप कमी येतो; पण तिने दिलेले संरक्षण अधिक लवकर क्षीण होते, असे परदेशांतील डांग्या खोकल्याच्या साथींनी दाखवून दिले आहे, आणि भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही पहिल्या तीन मात्रांसाठी संपूर्ण जंतूंच्या लसीला पसंती दिली होती. पोटाला चिमटा घेऊन हजारो रुपये खर्च करणाऱ्या आणि तसे करता न आल्यास आपण मुलाच्या बाबतीत उणे पडलो असे मानून मनातल्या मनात झुरणाऱ्या बापाला, सरकारी लस फुकट असली तरी हलकी नाही, हे कोणीतरी अधिकारवाणीने सांगावयास नको काय?

दुसरा प्रश्न बीसीजीचा. जन्मानंतर डाव्या दंडावर दिलेल्या या लसीच्या जागी काही आठवड्यांनी पुटकुळी येते, ती फुटते, आणि पुढे कायमचा वण राहतो. हा सारा क्रम स्वाभाविक आहे. परंतु तो आधी सांगितला गेला नाही तर घरातली माणसे त्या जागी हळद, चुना किंवा एखादे मलम लावतात, आणि सुई नीट दिली गेली नाही असा ग्रह करून घेतात. या लसीविषयीची शंका मोठमोठ्यांच्या मनातही आली होती. स्वातंत्र्यानंतर देशभर बीसीजीची मोहीम निघाली तेव्हा चक्रवर्ती राजगोपालाचारींसारख्या प्रज्ञावंत पुरुषाने १९५५ साली पुस्तिका लिहून तिला विरोध केला. पुढे १९६८ पासून तमिळनाडूतील चिंगलपेट भागात या लसीची प्रदीर्घ परीक्षा झाली, आणि मोठ्या माणसांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून ती संरक्षण देत नाही, असा स्पष्ट निष्कर्ष निघाला. परंतु लहान मुलांना होणाऱ्या मेंदूच्या आवरणाच्या क्षयासारख्या भीषण प्रकारांपासून ती रक्षण करते, हेही निरनिराळ्या अभ्यासांतून सिद्ध झाले, आणि म्हणूनच ती आज नवजात बालकांना दिली जाते. प्रश्न विचारला गेला, त्याची परीक्षा झाली आणि उत्तर मिळाले. ज्या शास्त्राने स्वतःची अशी झडती घेतली, त्याच्या सेवकांनी एखाद्या कोळणीच्या प्रश्नाने विचलित व्हावे, याचे प्रयोजन दिसत नाही.

पोलिओच्या थेंबांविषयीही असेच. थेंबांनीच पोलिओ होतो असे कोणीतरी ऐकलेले असते, आणि आपला कर्मचारी ती निव्वळ अफवा म्हणून झटकून टाकतो. वास्तविक तोंडाने देण्याच्या लसीत दुर्बल केलेला जिवंत विषाणू असतो, आणि लक्षावधी मात्रांत एखाद्या वेळी त्यापासून अपाय होऊ शकतो, हे शास्त्राने कधी लपवलेले नाही. म्हणूनच नोव्हेंबर २०१५ पासून मृत विषाणूची, सुईने देण्याची लस आपल्या वेळापत्रकात आली, आणि एप्रिल २०१६ मध्ये थेंबांतून दुसऱ्या प्रकारचा विषाणू काढून टाकण्यात आला. ज्या देशात १९९५ साली पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली, त्या देशात नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजी देशाला पोलिओमुक्तीचा दाखला मिळाला. ही सारी हकीकत सांगितली तर पालकाचा विश्वास वाढतो. अर्धी लपवली तर, उरलेली अर्धी तो मोबाइलवरून, विपरीत स्वरूपात, मिळवतो.

त्याच मोबाइलवरून गोवराच्या लसीने मूल स्वमग्न होते ही वार्ताही येते. तिचे मूळ १९९८ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अवघ्या बारा मुलांसंबंधी प्रसिद्ध झालेल्या एका लेखात आहे. तो लेख २०१० साली मागे घेण्यात आला, आणि त्याच वर्षी त्याच्या प्रमुख लेखकाचे नाव वैद्यकांच्या नोंदपटावरून काढून टाकण्यात आले. पुढे डेन्मार्कमध्ये ६,५७,४६१ मुलांचा वर्षानुवर्षे मागोवा घेण्यात आला, आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, लस घेतलेल्या मुलांत स्वमग्नतेचे प्रमाण न घेतलेल्यांहून अधिक आढळले नाही. हा आकडा आपल्या प्रत्येक उपकेंद्राच्या भिंतीवर मराठीत लिहिलेला असावा.

आता एक शंका खास आपल्या किनारपट्टीची. आमच्याकडे मृगापासून पुढे वीज कधी जाईल आणि कधी येईल याचा भरवसा नसतो; १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळाने मालवण, देवगड आणि वेंगुर्ल्याचा किनारा झोडपला तेव्हा कित्येक गावे अनेक दिवस अंधारात होती. दोन ते आठ अंश सेल्सिअस या तापमानात राहावयाची लस अशा वेळी टिकते का, हा प्रश्न विचारणारा पालक लसीचा शत्रू नसून तिचा खरा पारखी आहे. त्याला सांगण्याजोगे उत्तरही आपल्यापाशी आहे. लस साठवण्याच्या शीतपेटीच्या भिंतींत बर्फाचा थर असतो, आणि चोवीस तासांत आठ तास वीज मिळाली तरी ती आतले तापमान राखू शकते. शिवाय कुपीवर एका वर्तुळात छोटा चौकोन छापलेला असतो. तो चौकोन वर्तुळाहून फिका असेल तोवर लस वापरण्यास योग्य, आणि वर्तुळाइतका किंवा त्याहून गडद झाला की ती कुपी बाद. ही खूण अक्षरशत्रूलाही वाचता येते. मग लस देण्यापूर्वी कुपी पालकाच्या हाती देऊन ती खूण त्यालाच पाहावयास सांगण्याचा शिरस्ता आपण का पाडू नये? आणि मोठ्या वादळानंतर कोणत्या केंद्रातील किती कुप्या बाद केल्या याची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर का लावू नये? बाद केलेल्या कुपीची कबुली ही उरलेल्या कुप्यांच्या शुद्धतेची ग्वाही ठरेल.

‘आमच्या येळार खंय होती ही इंजेक्शना? तरी आमी जगलंवच ना?’ हा आजीचा प्रश्न याहून निराळ्या जातीचा आहे, आणि त्याचे उत्तर आपल्या इतिहासात आहे. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचण्यात आली, आणि बगदाद-बसऱ्याच्या वाटेने आलेल्या त्या लसीचा हिंदुस्थानातील पहिला यशस्वी प्रयोग सिद्ध झाला. मुंबई शहरात १८७७ साली देवीची लस सक्तीची झाली. पुढे बेळगावात इलाख्यासाठी लस तयार करणारी संस्था उभी राहिली, आणि तिची आठवण टिळकवाडीतील ‘व्हॅक्सिन डेपो’ या नावात अद्याप टिकून आहे. म्हणजे ज्या आजी आज आपल्याला लस नव्हती असे म्हणतात, त्यांच्या स्वतःच्याच दंडावर देवीच्या लसीचे गोल वण आहेत. त्यांच्या पिढीत गोवर, घटसर्प, धनुर्वात यांनी जी भावंडे गेली त्यांची नावे घरात कोणी घेत नाही, म्हणून ती गेलीच नाहीत असे होत नाही. देवीचा आपल्या देशातील अखेरचा रुग्ण मे १९७५ मध्ये नोंदला गेला, आणि ८ मे १९८० रोजी तो रोग पृथ्वीवरून गेल्याची घोषणा झाली. आजीला हे सांगावयाचे ते तिला खोटे पाडण्यासाठी नव्हे. तिच्या आईबापांनी ज्या विश्वासाने तिचा दंड पुढे केला, त्याच विश्वासाची मागणी आज तिच्या नातवासाठी आहे, एवढे तिच्या ध्यानी यावे म्हणून सांगावयाचे.

तो विश्वास सक्तीने मिळत नाही, हेही याच इतिहासाने शिकवले आहे. १८९७ साली प्लेगच्या निमित्ताने पुण्यात गोऱ्या शिपायांकरवी घरझडतीचा जो बंदोबस्त झाला, त्याने रोगापेक्षा अधिक भय सरकारचे निर्माण केले, आणि त्याचा शेवट रक्तपातात झाला. त्याच वर्षी मुंबईत डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःच्या अंगावर टोचून घेतली आणि मग लोकांना ती घेण्याची विनंती केली; आणि त्याच वर्षी सावित्रीबाई फुले यांना प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताकरता मृत्यू आला. हुकूम सुटले म्हणून कोणी लोकांचे झाले नाही; जे लोकांच्या दुखण्यात उतरले त्यांनाच लोकांनी आपले मानले. आज आपल्या आशाताई आणि आरोग्यसेविका, भर पावसात लसीची पेटी खांद्याला लावून खाडीपलीकडच्या वाडीवर जातात, त्या याच दुसऱ्या परंपरेच्या वारस आहेत, आणि त्यांचे मानधन वेळेवर मिळणे, त्यांच्यातील रिक्त पदे भरली जाणे, या गोष्टींचा लसीकरणाशी निकटचा संबंध आहे.

आता अडचणींविषयी. आमच्या किनाऱ्यावर मासळी सकाळी उतरते, आणि ती विकावयास बाजारात बसणारी बाई नेमकी सकाळच्या सत्राला बाळ घेऊन येऊ शकत नाही. देवगडच्या आंबाबागांत राखणीला असलेली नेपाळी कुटुंबे, चिरेखाणींवर कर्नाटकातून आलेली मजुरांची कुटुंबे, होड्यांवरील परप्रांतीय खलाशी, यांची मुले आज एका तालुक्यात तर उद्या दुसऱ्या तालुक्यात असतात, त्यांची कार्डे हरवतात, आणि मराठीत छापलेले पत्रक त्यांच्या उपयोगी पडत नाही. तिसरी अडचण चाकरमान्यांची. बाळंतपण माहेरी, म्हणजे मालवणात. पुढची लस सासरी, म्हणजे डोंबिवलीत किंवा नालासोपाऱ्यात. नववा महिना गणपतीत परत गावी. आणि कार्ड यांपैकी भलत्याच घरी. नऊ ते बारा महिन्यांत द्यावयाची गोवर-रुबेलाची पहिली मात्रा आणि सोळा ते चोवीस महिन्यांत द्यावयाची दुसरी, या दोन्ही अशा येरझाऱ्यांत हुकतात, आणि दुसरी तर विशेषेकरून हुकते.

हुकलेल्या मात्रेचा परिणाम काय होतो, हे २०२२ च्या अखेरीस गोवंडीने दाखवले. मुंबईच्या त्या दाटीच्या वस्तीत गोवराने मुले दगावली, पाठोपाठ मालेगाव आणि भिवंडीतही साथ पसरली, आणि लस न मिळालेल्या मुलांना तिचा तडाखा सर्वाधिक बसला. गोवराचा एक रुग्ण, संरक्षण नसलेल्या बारा ते अठरा जणांना तो रोग देऊ शकतो. म्हणूनच शंभरांतील पंचाण्णव मुलांना दोन्ही मात्रा मिळाल्या तरच साथ थोपते. मुंबई आणि मालवण यांच्यामध्ये आज एका रात्रीच्या रेल्वेप्रवासाचे अंतर आहे. गोवंडीतला गोवर आमच्या गणपतीच्या आरतीला येण्यास चोवीस तासही पुरेसे आहेत, आणि त्या गर्दीत आठ महिन्यांचे एखादे मूल असेल, ज्याचे लस घेण्याचे वय अजून व्हावयाचे आहे, तर त्याचे संरक्षण शेजारच्या मुलाने घेतलेल्या लसीवरच अवलंबून आहे. रुबेलाचे तर याहून गूढ. तो लहान मुलाला चार दिवसांचा ताप देऊन निघून जातो, आणि गर्भिणीस झाल्यास जन्मास येणारे मूल बहिरे, मोतीबिंदूचे किंवा हृदयात दोष घेऊन आलेले असू शकते. आपल्या मुलाला सुई टोचवून घेणारी आई वाडीतल्या दुसऱ्या एका न जन्मलेल्या मुलाचे रक्षण करीत असते, आणि हे तिला कोणी सांगितलेले नसते.

एक नाजूक गोष्ट उरली. यंत्रणेच्या हातून चूक होते तेव्हा काय करावे? ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यात बारा बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात निर्जंतुक करण्याचे सॅनिटायझर पाजले गेले. सुदैवाने मुले बचावली. परंतु ती बातमी आमच्या वाड्यांपर्यंत पोहोचली, आणि त्यानंतर काय सुधारणा केली ही बातमी पोहोचली नाही. १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल गावी हाफकिन यांची लस घेतलेल्यांपैकी एकोणीस जण धनुर्वाताने मरण पावले, आणि दोष लसीवर व तिच्या कर्त्यावर आला. बाटली गावात उघडताना झालेल्या हलगर्जीपणामुळे ती दूषित झाली होती, ही गोष्ट मान्य होण्यास वर्षे लागली, आणि दरम्यान एका निर्दोष शास्त्रज्ञाची व एका उपयुक्त लसीची अप्रतिष्ठा झाली. चौकशी त्वरित, निःपक्ष आणि जाहीर नसेल तर निर्दोषालाही न्याय मिळत नाही, हा त्याचा बोध. आपल्या जिल्ह्याचाच एक दाखला देतो. २०१६ साली दोडामार्ग तालुक्यात माकडताप आला आणि पुढच्या वर्षी बांदा परिसरात त्याने बळी घेतले, तेव्हा त्याची लस का देत नाही, असा लोकांचा आग्रह होता. कर्नाटकात वर्षानुवर्षे दिलेली ती लस पुरेशी गुणकारी नाही असे दिसून आल्यावर तिचा वापर थांबवण्यात आला. हे लोकांना मोकळेपणाने सांगितले पाहिजे. कारण निरुपयोगी ठरलेली लस जी यंत्रणा बंद करते, तिने चालू ठेवलेल्या लसीवर विश्वास ठेवण्यास सबळ आधार मिळतो.

न्यायालयांनीही हीच दिशा दाखवली आहे. शाळांतून गोवर-रुबेलाची लस पालकांच्या संमतीवाचून देण्याची दिल्ली सरकारची योजना जानेवारी २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अमान्य केली. आणि २ मे २०२२ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने, कोणावरही लसीची सक्ती करता येणार नाही असे सांगतानाच, करोनाच्या लसीकरणाचे धोरण वाजवी ठरवले व लसीनंतरच्या दुष्परिणामांची माहिती लोकांना सहज मिळेल अशी तजवीज करण्याची आज्ञा दिली. आपल्या राज्यात २७ नोव्हेंबर २०१८ रोजी गोवर-रुबेलाची मोहीम शाळाशाळांतून निघाली, तेव्हा ज्या शाळेने आधी पालकसभा घेतली तिथे वर्ग भरलेले राहिले, आणि जिथे चिठ्ठी आदल्या दिवशी दप्तरातून घरी गेली तिथे मुले गैरहजर राहिली, हे मी पाहिले आहे.

या सर्व विवेचनावरून माझ्या विनंत्या अशा आहेत.

पहिली विनंती अशी की, लस दिल्यावर पालकाला चार गोष्टी सांगाव्यात – कोणती लस दिली व ती कशासाठी, कोणता त्रास होईल व त्यावर काय करावे, पुढची लस केव्हा व कोठे, आणि कार्ड जपून ठेवून पुढच्या वेळी आणावे – हा जो शासनाचाच दंडक आहे, त्याची अंमलबजावणी होण्यास आरोग्यसेविकेला वेळ द्यावा. लस घेतल्यावर अर्धा तास थांबण्याचा नियम आहेच, तो अर्धा तास प्रश्नोत्तरांसाठी राखून ठेवावा. दुसरी, पेंटाव्हॅलंटच्या सत्रानंतर त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी उचलला जाईल असा एक दूरध्वनी क्रमांक प्रत्येक केंद्राने कार्डावर लिहून द्यावा. एका उपकेंद्राच्या हद्दीतील आईने ताप चढल्यावर लावलेला फोन सकाळपर्यंत कोणी उचलला नाही, आणि त्या मुलाची पुढची मात्रा राहिली, हे मला ठाऊक आहे. तिसरी, प्रत्येक उपकेंद्रात पालकांच्या प्रश्नांची एक वही ठेवावी, आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांनी दर महिन्यास तीत उत्तर लिहून सही करावी. चौथी, किनाऱ्यावरील गावांत महिन्यातून एक सत्र सायंकाळी, बागांत आणि खाणींवर फिरते सत्र नेपाळी व कन्नड पत्रकांसह, आणि मे महिना व गणेशचतुर्थीच्या आठवड्यात चाकरमान्यांच्या मुलांसाठी खास सत्र, अशी व्यवस्था व्हावी. पाचवी, लसीनंतर गंभीर त्रास झाल्यास त्याच्या चौकशीचा निष्कर्ष संबंधित आईबापांना लेखी, मराठीत आणि ठरावीक मुदतीत मिळावा, आणि नावे वगळून ग्रामसभेपुढे वाचला जावा. सहावी, शाळेतील प्रत्येक लसीकरणापूर्वी किमान आठवडाभर आधी पालकसभा व्हावी.

यांपैकी कोणत्याही विनंतीस फार मोठा खर्च नाही. वेळ, मनुष्यबळ आणि विनय मात्र लागतील.

आणि ज्या पालकांच्या वतीने मी हे मागणे मांडले, त्यांनाही दोन शब्द सांगितल्यावाचून हे पत्र पुरे होणार नाही. आपल्याला प्रश्न विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. पण उत्तर ऐकून घेणे आणि ते पटल्यावर त्याप्रमाणे वागणे, हे त्या अधिकाराचेच दुसरे अंग आहे. नात्यातल्या माणसाने मोबाइलवर धाडलेल्या मजकुरावर आपण जितक्या सहज विसंबतो, त्याहून थोडी अधिक संधी गावातल्या आरोग्यसेविकेला द्यावी. तीन सुया एकाच दिवशी कशाला, असे वाटत असेल तर तिला विचारावे. ती सांगेल की, बालक जन्मल्या क्षणापासून असंख्य जंतूंशी सामना करीतच असते, आणि तीन लसींनी त्याच्या शक्तीवर विशेष भार पडत नाही, उलट तीन खेपांचा त्रास एका खेपेत उरकतो. गोवराच्या हजार रुग्णांमागे सुमारे एकाला मेंदूचा दाह होतो. गोवराच्या लसीने तीव्र ॲलर्जी होण्याचा संभव दहा लक्ष मात्रांमागे सुमारे एक, आणि तीही केंद्रात थांबलेल्या अर्ध्या तासातच बहुधा लक्षात येऊन आवरता येते. दोन्ही पारड्यांत काय आहे ते असे मोजूनच निर्णय करावा. देवळात कौल लावावयाचा असेल तर अवश्य लावावा, रवळनाथापुढे गाऱ्हाणेही घालावे; पण सत्राची तारीख चुकवू नये. राहिलेली मात्रा उशिरा का होईना, घेता येते, आणि त्यासाठी आधीच्या मात्रा पुन्हा घ्याव्या लागत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

महोदय, या जिल्ह्यातला आईबाप हट्टी नाही. तो मुलासाठी भितो, आणि भीती ही ममतेचीच एक बाजू आहे. तिला दटावून गप्प केले तर ती घरात दडून बसते, आणि तिला उत्तर दिले तर ती मूल कडेवर घेऊन उपकेंद्राच्या पायरीवर येते. येत्या सत्रापासून निदान पहिल्या दोन विनंत्या अमलात आणाव्यात आणि तसे परिपत्रक सर्व केंद्रांना धाडावे, अशी कळकळीची विनंती आहे.

आपला नम्र,
मालवण तालुक्यातील एक सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक